अहवालाचं वर्ष, कामाचं वर्ष

संघटनेच्या वार्षिक अहवालात कर्ता एकच असतो आणि क्रियापदं सगळी पराक्रमाची: मिळवून दिलं, थांबवलं, भाग पाडलं, वाचवलं. वर्गणी भरणारा सभासद ते वाचतो आणि त्याच्या मनात एक साधी शंका येते. हे तुम्ही केलं, की तुम्ही शेजारी उभे असताना झालं? या शंकेला अहवालात कधी उत्तर नसतं, कारण अहवालाला बारा महिन्यांचं कुंपण असतं आणि काम त्या कुंपणात मावत नाही.

इंग्लंडमधली लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन हे याचं चांगलं उदाहरण. काउंटी कौन्सिलांची, जिल्हा कौन्सिलांची आणि महानगरी कौन्सिलांची अशा तीन जुन्या संघटना मिळून ती १ एप्रिल १९९७ रोजी उभी राहिली. सभासदत्व ऐच्छिक आहे, तरी इंग्लंडमधल्या ३१७ कौन्सिलांपैकी जवळजवळ सगळ्या आत आहेत. कचरा, रस्ते, ग्रंथालयं, वृद्धांची देखभाल, बेघरांची सोय, बांधकाम परवाने ही कामं या कौन्सिलांची. काही भागांत ती काउंटी आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर वाटलेली, तर काही ठिकाणी एकाच कौन्सिलच्या गळ्यात. संघटनेची कचेरी लंडनला १८, स्मिथ स्क्वेअर इथे. इमारत १९२८ची. वाहतूक कामगारांच्या युनियनने ती बांधली आणि १९८०पर्यंत मजूर पक्षाचं मुख्यालयही तिथेच होतं. गंमत अशी, की त्याच चौकात हुजूर पक्षाचीही कचेरी कित्येक वर्षं होती. आता हुजूर, मजूर, लिबरल डेमोक्रॅट, अपक्ष असे वेगवेगळे गट त्या एकाच छपराखाली बसतात. अहवालाची भाषा गुळमुळीत का होते याचं निम्मं कारण इथेच आहे. प्रत्येक वाक्य सगळ्यांच्याच घशाखाली उतरावं लागतं.

आधी पैशांचं बघू, कारण अहवालातही तेच पहिल्या पानावर असतं.

सरकार डिसेंबरात पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा कच्चा आराखडा काढतं आणि फेब्रुवारीत तो पक्का करतं. ११ मार्चच्या आत कौन्सिलला आपला कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, ठरवावाच लागतो, ती कायद्याने घातलेली तारीख आहे. म्हणजे खरी रस्सीखेच फार तर सात-आठ आठवड्यांची. २०२३-२४च्या हिवाळ्यात असोसिएशनचा हिशेब होता, की दोन वर्षांत मिळून कौन्सिलांना ४०० कोटी पौंड कमी पडणार. २४ जानेवारी २०२४ला मंत्री मायकेल गोव्ह यांनी ६० कोटी पौंड जादा जाहीर केले, त्यातले ५० कोटी वृद्ध, अपंग आणि मुलांच्या देखभालीसाठी. आता याचं श्रेय कोणाचं? असोसिएशनने मागणी लावून धरली होती, हे खरं. पण सत्ताधारी पक्षाच्याच चाळीसहून जास्त खासदारांनी पत्र लिहिलं होतं. काउंट्यांची स्वतंत्र संघटना वेगळा पाठपुरावा करत होती. आणि चारच महिन्यांपूर्वी बर्मिंगहॅमने 'कलम ११४'ची नोटीस काढलेली होती.

या नोटिशीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १९८८च्या कायद्यानुसार खर्च उत्पन्नाबाहेर जाणार असं दिसलं, की कौन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने ही नोटीस काढायची असते. ती निघाली, की कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च बंद. एकवीस दिवसांच्या आत नगरसेवकांनी सभा घेऊन त्यावर विचार करायचा. कौन्सिल 'दिवाळखोर' झाली असं वर्तमानपत्रं लिहितात, पण कौन्सिल कंपनीसारखी बुडवता येत नाही. तिला कचरा उचलावाच लागतो. नॉर्दम्प्टनशायर २०१८ला, क्रॉयडन २०२०ला, स्लाउ २०२१ला, थरॉक २०२२ला, आणि २०२३मध्ये वोकिंग, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम ओळीने. मंत्र्याच्या टेबलावर संघटनेचं निवेदन एका बाजूला आणि ही यादी दुसऱ्या बाजूला, असं चित्र असेल तर ६० कोटी कशाने सुटले हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय ४०० कोटींची तूट दोन वर्षांची आणि ६० कोटी एका वर्षाचे. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले, की यश हवं तसं लहानमोठं दाखवता येतं.

त्या डिसेंबरातल्या दिवशी संघटनेने केलेलं एक काम मात्र निर्विवाद असतं, आणि ते अहवालात एका ओळीत संपतं. आराखडा दुपारी जाहीर होतो, शेकडो ओळींच्या तक्त्यांसकट. ज्या जिल्हा कौन्सिलमध्ये हिशेबाचं खातं तीन-चार माणसांचं आहे, तिथे हे तक्ते उलगडायला आठवडा जावा. 'खर्च करण्याची ताकद' म्हणून सरकार जो टक्का सांगतं, त्यात कौन्सिल टॅक्स जास्तीत जास्त वाढवला असं आधीच गृहीत धरलेलं असतं. वाढ दिसते ती बऱ्याचदा कौन्सिलने स्वतःच्या नागरिकांकडून घ्यायच्या पैशांची असते. असोसिएशनचं टिपण त्याच दिवशी येतं आणि ही मेख उघडी करून दाखवतं. वर्गणीचं चीज व्हायचं असेल तर ते इथे होतं, असं आमचं मत.

आता घरांची गोष्ट. बारा महिन्यांचं कुंपण किती अपुरं आहे हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

कौन्सिलच्या मालकीच्या भाड्याच्या घरांचा जमाखर्च वेगळ्या खात्यात ठेवतात, 'हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट'. एप्रिल २०१२मध्ये सरकारने व्यवहार केला: जुन्या कर्जाचा वाटा कौन्सिलने अंगावर घ्यायचा, बदल्यात भाडं तिने स्वतःकडे ठेवायचं. पण नव्या कर्जावर प्रत्येक कौन्सिलला कमाल मर्यादा घातली. हे पहिलं कुलूप. दुसरं कुलूप 'राइट टू बाय'चं. भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क, आणि त्या विक्रीतून आलेला पैसा नव्या घरावर वापरायचा तर बांधकाम खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच, तोही तीन वर्षांत. नाही वापरला तर सरकारला परत, वर बँक दरापेक्षा चार टक्के जास्त व्याजाने.

ही दोन कुलपं एकमेकांत कशी अडकतात ते पाहा. समजा एक घर बांधायला दोन लाख पौंड लागतात. विक्रीच्या पैशातून फक्त साठ हजार घेता येतील. उरलेले एक लाख चाळीस हजार कुठून आणायचे? भाड्याच्या शिलकीतून, पण २०१६पासून चार वर्षं सरकारने भाडी दरवर्षी एक टक्का उतरवायला लावली होती. मग कर्ज काढून. पण मर्यादा गाठलेली. म्हणजे साठ हजार हातात असून वापरता येत नाहीत, घड्याळ चालू आहे, आणि तीन वर्षांनी तेच पैसे व्याजासकट लंडनला पाठवायचे. गावात घरासाठी रांग, खात्यात पैसे, आणि घर नाही.

असोसिएशनने ही मर्यादा काढा म्हणून वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. प्रत्येक वर्षाच्या अहवालात 'आम्ही मागणी केली', 'आम्ही पुरावा सादर केला' अशी फिकी वाक्यं. ऑक्टोबर २०१८मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी पक्षाच्या अधिवेशनात घोषणा केली आणि त्याच महिन्यात मर्यादा गेली. त्या एका वर्षाच्या अहवालाला सोन्याची ओळ मिळाली. पण घरं लगेच उगवली नाहीत. जमीन हवी, आराखडे करणारी माणसं हवीत. बऱ्याच कौन्सिलांनी ती माणसं आधीच्या काटकसरीत घालवलेली होती. शिवाय दुसरं कुलूप तसंच होतं. २०२१मध्ये तीन वर्षांची पाच झाली, ३० टक्क्यांचे ४० झाले. २०२४च्या जुलैमध्ये टक्क्यांची अट तात्पुरती उठली. २१ नोव्हेंबर २०२४पासून विक्रीवरची सवलत मोठ्या प्रमाणात घटवली, आणि विक्रीचा सगळा पैसा कौन्सिलकडे ठेवायचं ठरलं. २०१२ ते २०२४. एका तपाचं काम, आणि त्यातली सात-आठ वर्षं तरी अहवालात 'पाठपुरावा चालू आहे' यापलीकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्या कोरड्या वर्षांत एखाद्या सभासदाने वर्गणी का भरावी असं विचारलं असतं, तर त्याला काय दाखवणार होते?

याच्या नेमकं उलट उदाहरणही आहे, आणि ते जास्त बोचरं आहे.

२०१०च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे मंत्री एरिक पिकल्स यांनी ऑडिट कमिशन बंद करायचं जाहीर केलं. १९८३पासून कौन्सिलांचे लेखापरीक्षक नेमणारी आणि त्यांच्या कारभाराची झाडाझडती घेणारी ती संस्था ३१ मार्च २०१५ला बंद झाली. लेखापरीक्षक नेमायचं काम पुढे पब्लिक सेक्टर ऑडिट अपॉइंटमेंट्स या कंपनीकडे आलं. ही कंपनी असोसिएशननेच स्थापलेली, मात्र तिचं संचालक मंडळ स्वतंत्र. प्रत्येक कौन्सिलने वेगळी निविदा काढण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक काढली, तर दर पडतो हे कोणालाही पटेल. जवळजवळ सगळ्या कौन्सिला त्यात सामील झाल्या. दर खरंच पडला: २०१८-१९साठी ठरावीक शुल्क २३ टक्क्यांनी कमी झालं.

२३ टक्के बचत. कोणत्याही वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभेल असा आकडा.

पण लेखापरीक्षण म्हणजे कागद आणि टोनर नव्हे, की ठोक घेतलं म्हणजे स्वस्त पडेल. हे काम करणाऱ्या कंपन्या मोजक्या. कौन्सिलचे हिशेब वाचता येणारी माणसं त्याहून मोजकी. त्याच सुमारास, जानेवारी २०१८मध्ये, कॅरिलियन ही बडी बांधकाम कंपनी कोसळली आणि लेखापरीक्षकांवर नियामकाची नजर कडक झाली. मग तपासणीस कौन्सिलच्या शाळा, रस्ते, समाजमंदिरं यांच्या किमतीच्या आकड्यांवर महिनेच्या महिने खर्चू लागले. या मालमत्ता कधी विकायच्याच नसतात, पण ताळेबंदात त्यांची किंमत असते आणि ती चुकली तर ठपका तपासणीसावर. शुल्क कमी, काम जास्त, जोखीम जास्त. अनुभवी माणसं सोडून गेली. सप्टेंबर २०२०मध्ये सर टोनी रेडमंड यांच्या चौकशी अहवालाने सांगितलं, की काम नीट व्हायला लागतं त्यापेक्षा शुल्क निदान २५ टक्के कमी आहे.

पुढे काय झालं ते एका आकड्यात सांगता येतं. २०२२-२३च्या हिशेबांवरचं तपासणीसाचं मत द्यायची मुदत ३० सप्टेंबर २०२३ होती. ४६७ संस्थांपैकी ५ संस्थांचं मत वेळेत आलं. पाच. पुढच्या कराराची निविदा पार पडल्यावर लेखापरीक्षक नेमणाऱ्या त्याच कंपनीने सभासदांना कळवलं, की शुल्कात १५० टक्क्यांच्या घरातली वाढ धरून चाला. तुंबलेले हिशेब निकालात काढायला सरकारला १३ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख घालावी लागली, आणि शेकडो हिशेब 'आम्ही मत देऊ शकत नाही' या शेऱ्यासकट बाहेर पडले. ज्या वर्षांत काही कौन्सिला कर्ज काढून गुंतवणुकी करत होत्या, त्याच वर्षांत त्यांच्या वह्या उघडून पाहणारं कोणी वेळेवर येत नव्हतं. वोकिंगची २०२३मधली तूट १२० कोटी पौंडांची होती आणि त्या वर्षी खर्चायला हाताशी होते १.६ कोटी.

यात कोणाची लबाडी नव्हती. बचत खरी होती. फक्त ती मोजली गेली ज्या वर्षात, त्या वर्षात तिची किंमत दिसत नव्हती.

पगारवाटाघाटींचं थोडक्यात. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या बहुतेक कौन्सिल कर्मचाऱ्यांचा पगार एकाच संयुक्त मंडळात ठरतो. असोसिएशन मालकांच्या बाजूचं सचिवालय सांभाळते, समोर युनिसन, जीएमबी आणि युनाइट या कामगार संघटना. शेकडो वाटाघाटींऐवजी एक, हा फायदा कोणालाही कळेल. पण पगारवाढ लागू होते १ एप्रिलपासून आणि तडजोड बऱ्याचदा होते पानगळीत. २०२२ची १ नोव्हेंबरला झाली: प्रत्येकाला सरसकट १,९२५ पौंड. तळच्या पायरीवर ती १०.५ टक्के पडते आणि सर्वांत वरच्या पायरीवर ४.०४ टक्के. सरसकट रकमेचं कारण तळाशी होतं. किमान वेतन दरवर्षी वर सरकतं आणि वेतनश्रेणीची खालची पायरी पाण्याखाली जाते; एप्रिल २०२३पासून पहिली पायरी काढूनच टाकावी लागली. इकडे मार्चमध्ये बसवलेल्या अंदाजपत्रकात बऱ्याच जणांनी याहून बरीच कमी वाढ धरलेली. मग फरक देताना गंमती होतात. शाळेच्या सत्रापुरतं काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा, मध्येच सोडून गेलेल्यांना शोधायचं, आणि ज्यांना युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी भत्ता मिळतो त्यांच्या खात्यात सात महिन्यांचा फरक एकदम पडला, की त्या महिन्याचं क्रेडिट कमी होतं. अहवालात मात्र वाक्य एकच: 'राष्ट्रीय करार यशस्वीपणे पार पडला.'

आणि आता ज्यात जीव ओतावा असं काम: एका कौन्सिलने दुसरीला आरसा दाखवायचा. इंग्रजीत त्याला 'पीअर चॅलेंज' म्हणतात. ऑडिट कमिशनची झाडाझडती गेल्यावर तिच्या जागी बरंचसं हेच आलं. दर पाच वर्षांनी निदान एकदा प्रत्येक कौन्सिलने ते करून घ्यावं अशी अपेक्षा असते, सक्ती नाही. खर्च सरकारी अनुदानातून भागतो, कौन्सिलला बिल येत नाही.

आधी यजमान कौन्सिल स्वतःबद्दल एक निवेदन लिहिते. पहिली चूक इथेच होते. संपर्क विभागाने लिहिलेलं गुळगुळीत निवेदन पाठवलं, की पाहुण्यांचा पहिला दिवस ते खरवडण्यात जातो. ज्या कौन्सिला 'आम्हाला या तीन गोष्टी जमत नाहीत' असं सरळ लिहितात, त्यांना चार दिवसांतून जास्त मिळतं. मग पथक येतं. दुसऱ्या कौन्सिलचा मुख्याधिकारी, सत्ताधारी गटाच्याच पक्षाचा बाहेरचा एक नगरसेवक, वेगळ्या पक्षाचा आणखी एक, एखादा वित्त अधिकारी, आणि असोसिएशनचा समन्वयक. पक्षाचं हे गणित मुद्दाम केलेलं असतं. महापौराला किंवा गटनेत्याला जे कडू ऐकायचंय ते स्वपक्षीयाने बंद खोलीत सांगितलं तर पचतं. विरोधकाने सांगितलं तर ते भाषण होतं.

तीन-चार दिवसांत चाळीसच्या आसपास बैठका, शंभराहून जास्त माणसांशी बोलणं. कोण काय बोललं हे कुठेही नावानिशी येत नाही. पाच विषय ठरलेले: स्थानिक प्राधान्यक्रम आणि परिणाम, नेतृत्व, कारभार आणि कामाची संस्कृती, आर्थिक नियोजन, सुधारणेची क्षमता. शेवटच्या दिवशी पथक निष्कर्ष तोंडी मांडतं. लेखी अहवाल तीन महिन्यांत प्रसिद्ध करायचा, कृती आराखडा पाच महिन्यांत, आणि वर्षाच्या आत फेरतपासणी.

बिघडतं कुठे? कर्मचाऱ्यांच्या गटचर्चेला निवडून निवडून खूश माणसं पाठवली जातात. निवडणुकीच्या तोंडावर तारीख घेतली, की नगरसेवकांचं लक्ष दारोदारी. आणि सर्वांत जास्त बिघडतं भाषेत. 'खर्चकपातीच्या आराखड्यात अधिक स्पष्टता आणणं कौन्सिलच्या हिताचं ठरेल' याचा अर्थ आराखडा नाही. 'नगरसेवक आणि अधिकारी यांच्यातला विश्वास आणखी दृढ करण्यास वाव आहे' याचा अर्थ ते एकमेकांशी बोलत नाहीत. 'त्वरेने' हा शब्द आला, तर वित्त अधिकाऱ्याने रजा पुढे ढकलावी. ही लिपी ज्याला वाचता येते त्याला सगळं कळतं. गावातल्या नागरिकाला ती वाचता येत नाही, आणि नोटीस निघाल्यावर तो विचारतो, की मग तीन वर्षांपूर्वी चार दिवस येऊन गेले ते काय बघून गेले? प्रश्न रास्त आहे. हे पथक बोलावलेलं असतं, त्याला वह्या जप्त करायचे अधिकार नसतात, आणि ज्याच्या घरी जेवलो त्याच्याबद्दल लिहायचं असतं. सरकारने जुलै २०२३मध्ये कौन्सिलांच्या आकडेवारीवर नजर ठेवायला एक वेगळं कार्यालय काढून पाहिलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये ते बंद करायचंही ठरवलं.

तरीही या कामाचा खरा लाभ बहुधा यजमानापेक्षा पाहुण्याला होतो. दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात चार दिवस डोकं घालून परत गेलेला वित्त अधिकारी सोमवारी आपली राखीव निधीची पानं नव्या नजरेने उघडतो. हे कोणत्या रकान्यात लिहिणार? अहवालात येते ती फक्त पथकांची संख्या.

काही यशं तर नुसत्या तारखा असतात. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरची तूट ताळेबंदाबाहेर ठेवायची मुभा २०२०मध्ये मिळाली. ती आधी मार्च २०२६पर्यंत आणि मग मार्च २०२८पर्यंत वाढवून घेतली. त्यामुळे कित्येक नोटिसा टळल्या, आणि मधल्या काळात तूट फुगत राहिली. याला यश म्हणायचं की हप्ता पुढे ढकलणं, यावर वित्त अधिकाऱ्यांमध्येही एकमत होणार नाही.

दरम्यान डिसेंबर २०२४च्या श्वेतपत्रिकेने काउंटी आणि जिल्हा ही दोन पातळ्यांची रचनाच मोडायचं ठरवलं आहे. २१ काउंट्या आणि १६४ जिल्हा कौन्सिला त्या टप्प्यात येतात. त्यांतल्या ज्यांच्याकडे पथक नुकतंच येऊन गेलं, त्यांचे कृती आराखडे तयार आहेत, फेरतपासणीच्या तारखाही पडल्या आहेत. पाच वर्षांनी पुढची भेट द्यायला पथक जाईल तेव्हा त्या नावाची कौन्सिल तिथे नसेल.